पुढे सरकवलेली ताटली

राहेलबाई साळवे माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "ट्रंक आहे का तोफ आहे हो?"

चिंचवड स्टेशनजवळच्या बैठ्या चाळीत आम्ही बिऱ्हाड आणलं, तो दिवस. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता, तिथे आमच्या ह्यांना नोकरी लागली आणि आम्ही कराडकडून इकडे आलो. हे, मी आणि सासूबाई. हमालाच्या हातून ट्रंक निसटली ती थेट पायरीवर आदळली. शेजारच्या दारातून पांढरं लुगडं नेसलेली, कपाळ मोकळं असलेली, उंच, हाडकुळी बाई बाहेर आली आणि तोफेचं ते वाक्य माझ्या अंगावर टाकून म्हणाली, "आत आजारी माणूस आहे. जरा बेतानं."

मी नवी नवरी. डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाहून बाई आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. "आधी पाणी पी, मग रड. आणि हे बघ, मी ख्रिस्ती आहे. चालत नसेल तर तसं सांग, मी रागावत नाही, तांब्या परत नेते."

सासूबाईंनी मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं. त्याचा अर्थ मला समजला होता. पण तहान अशी लागली होती म्हणता! मी घटाघटा प्याले. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि तेवढीच मला घर लावायला शांतता मिळाली.

राहेलबाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. पुढे नोकरी सुटली, पण मास्तरकी सुटली नाही. चाळीतली पोरं त्यांच्या ओसरीवर शिकवणीला बसत. आत नाही, ओसरीवरच, कारण आतल्या खाटेवर त्यांचे यजमान, शमुवेलराव, पडून होते. लष्करी डेपोत स्टोअरकीपर होते म्हणे, मोठे कडक. अर्धांगवायूनं उजवं अंग गेलं, वाचा गेली. राहिला तो डावा हात. त्या हातात एक चमचा असायचा आणि काही हवं असलं की तो खाटेच्या लोखंडी पायावर वाजायचा. ठक, ठक. बाई पाढे म्हणून घेत असोत, भाकरी थापत असोत, हातातलं टाकून उठायच्या. पाणी, लघवी, माशी बसली, ऊन आलं, कूस बदलायची आहे; चमचा एकच, कारणं शंभर. बाईंना ऐकूनच कळे कोणतं कारण आहे ते.

एवढं करताना तोंडातून चकार शब्द नाही. कपाळाला आठीसुद्धा नाही. पण मायाही नाही, हे मला फार दिवसांनी कळलं. खाटेवरची चादर पाटीसारखी ताठ, माणूस आंघोळ घातलेला, दाढी केलेली, आणि बाईंची नजर मात्र कधी त्याच्या नजरेला भिडायची नाही. घास भरवतानाही त्या भिंतीकडे बघत.

दुपारी सगळी चाळ अर्धा तास लवंडायची. ही बाई नाही. रेल्वेच्या रुळांकडे तोंड करून ओसरीत उभी. मी एकदा म्हटलं, "बाई, टेका की थोड्या." तर म्हणाल्या, "झोपेचं आणि माझं जमत नाही. डोळे मिटले की आतून जास्त दिसतं." आणि लगेच मला दटावलं, "तू कशाला जागी? भांडी घासून झाली का?" हे असं. जरा कुठं आत डोकवावं, तर नाकावर दार आपटायच्या.

चाळीला त्यांची हकिगत ठाऊक होती. मला ती गावठाणातून दूध घालायला येणाऱ्या शेवंताबाईनं सांगितली. साळव्यांना एकच मुलगी, करुणा. तिनं पुण्यातल्या छापखान्यात कामाला असलेल्या एका हिंदू मुलाशी लग्न केलं. शमुवेलराव म्हणजे त्यांच्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारे, शब्दाचे पक्के. 'ह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही,' म्हणाले. पुढे ती पोर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तर बापानं सगळ्या चाळीदेखत तिला पायरीवरूनच परत लावली. त्याच आठवड्यात पुण्याच्या दवाखान्यात ती गेली, बाळासकट. वर्ष फिरायच्या आत बाप आडवा झाला.

"द्येवानं बरुबर जीभच काढून घ्येतली बगा त्याची," शेवंताबाई म्हणाली. "व्हय, म्या तर तोंडावर सांगीन."

राहेलबाई पाठीमागेच उभ्या होत्या. आम्ही दोघी गार. बाईंचा चेहरा असा झाला की वाटलं, आता चरवी उचलून हाणतात. पण आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "शेवंता, देव कुणाच्या जिभा गोळा करत हिंडत नाही. दूध घाल आणि जा." आणि मग त्याच पायरीवर बराच वेळ बसून राहिल्या. ठक, ठक झालं तशा उठल्या.

आमच्या सासूबाई म्हणजे सोवळ्याची पेटी. शेजारणीच्या हातचं काही घरात येऊ द्यायच्या नाहीत. नाताळात बाई ताट भरून करंज्या-चकल्या घेऊन आल्या, तर सासूबाईंनी ते ताट फळीवर उंच ठेवून दिलं, 'गाईला घालू' म्हणून. गाय काही आली नाही, आणि करंज्या मात्र रोज कमी होत गेल्या. मी खात होते हे मला ठाऊक होतं. पण मी खाल्लेल्यांपेक्षा जास्त कमी होत होत्या, तेव्हा काय समजायचं ते मी समजले.

ह्याच सासूबाईंचा एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण राहेलबाईंना खळखळून हसताना मी तेव्हाच पाहिलं. स्टेशनापासून थोडं दूर एका पत्र्याच्या खोलीत ह्या ख्रिस्ती लोकांची उपासना चाले. महिन्यातून एका रविवारी पाळकसाहेब खडकीहून यायचे आणि त्या दिवशी प्रभुभोजन असायचं. पावाचे बारके तुकडे आणि द्राक्षाचा रस एकेकानं घ्यायचा. आता चिंचवडात कुठली आलीत बाराही महिने द्राक्षं! मग आदल्या दिवशी काळ्या मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, कुस्करून फडक्यानं गाळायच्या. हे काम वर्षानुवर्षं राहेलबाईंकडे. पाव कापायचा, कडा काढायच्या, पांढरं कापड धुऊन इस्त्री करायचं, सगळं त्यांनीच.

एकदा त्यांचा स्टोव्ह बिघडला म्हणून तो रस त्यांनी आमच्या शेगडीवर उकळला आणि निवायला झाकून ठेवला. सासूबाईंना आठवडाभर खोकला. त्या देवळातून आल्या, पातेल्यातलं काळं काळं पाणी पाहिलं, सुनेनं आपल्यासाठी काढा केलाय असं समजून चांगला पेलाभर प्याल्या आणि वर मला आशीर्वाद दिला! राहेलबाई रस न्यायला आल्या तेव्हा पातेलं अर्धं.

"अगं बाई, हा त्यांचा देवाचा..." माझी तर बोबडी वळली. सासूबाई मटकन खाली बसल्या. "बाटले गं मी! आता काय करू?"

राहेलबाई पातेल्यात बघतात, सासूबाईंकडे बघतात, आणि जे हसू फुटलं ते थांबेना. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. "आजी, घाबरू नका. अजून प्रार्थना झालेली नाही. आत्ता ते नुसतं मनुकांचं पाणी आहे. पचेल तुम्हाला." सासूबाईंनी विचार केला. "मग खोकल्याला चांगलं असतं व्हय?" म्हणाल्या. पुढच्या महिन्यापासून बाई पेलाभर रस आधीच बाजूला काढून सासूबाईंना द्यायला लागल्या, आणि सोवळ्याची पेटी त्या दिवसापासून जी किलकिली झाली ती पुन्हा नीट बंद झाली नाही.

मी तेव्हा सहज विचारलं, "बाई, तुम्हीही घेता का हो हा?"

हसू गेलं. "मी करते," त्या म्हणाल्या. "घेत नाही."

ते मी डोळ्यांनी पाहिलं पुढच्या नाताळात. ह्यांना सुट्टी होती, ते शमुवेलरावांपाशी बसले आणि मी कुतूहल म्हणून बाईंबरोबर त्या पत्र्याच्या खोलीत गेले. मागे बायकांत बसले. गाणी छान होती, टाळ होते, आमच्या भजनासारखंच वाटलं. बाईंचा आवाज गोड नाही, पण खणखणीत, सगळ्यांना ओढून नेणारा. त्यांनी बायकांपुढे दोन शब्दही सांगितले. थकलेल्याला येशूपाशी विसावा आहे, तो कुणाला आधी नीट होऊन ये म्हणत नाही, असं काहीसं. शेजारची म्हातारी डोळे पुसत होती. मग ताटली फिरली. एकेकजण तुकडा उचलत होती. ताटली राहेलबाईंच्या हातात आली आणि त्यांनी ती खाली न बघता पुढच्या बाईकडे सरकवली. कुणाला नवल वाटलं नाही. सगळ्यांना सवय झालेली होती.

परतताना बाई चार पावलं पुढे होत्या. म्हातारीनंच सांगितलं. मनात कुणाविषयी अढी असली तर हे घ्यायचं नसतं. नवऱ्यावरचा राग जात नाही बिचारीचा, म्हणून हात लावत नाही. म्हातारे पाळक चार वेळा समजावून थकले.

मला पटलं. ज्या माणसानं पोटची पोर पायरीवरून हाकलली, त्याचंच गूमूत काढायचं, त्याच दोन खोल्यांत, त्याच चमच्याच्या तालावर! मी असते तर त्याच्या दुधात काहीतरी कालवलं असतं. खरंच सांगते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझं पोटातलं मूल पाचव्या महिन्यात वाया गेलं. जो येई तो कारण शोधी. कुणी म्हणे हंडा उचललास, कुणी म्हणे ग्रहणात सुरी धरलीस. राहेलबाई आल्या, दार लोटलं, माझ्याजवळ जमिनीवर बसल्या. "तुझा काही दोष नाही. ऐकतेस ना? रड हवं तेवढं, पण स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. देव लावत नाही, तू कोण लावणार?" माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या पुटपुटत काही प्रार्थना करत राहिल्या. मी कित्येक दिवसांनी गाढ झोपले. जाग आली तर त्या तशाच बसलेल्या. मी म्हटलं, "बाई, मला एवढं सांगता, मग तुम्ही का नाही कधी झोपत?" त्या झटकन उठल्या. पलीकडे चमचा वाजला नव्हता, तरी म्हणाल्या, "हाक आली वाटतं."

म्हातारे पाळक गेले आणि त्यांच्या जागी थोरात नावाचे आले. कोवळं पोरगंच ते, सायकलवरून यायचे, मानेला फोड आलेले, बोलताना घसा साफ करायचे. त्यांना कुणी काही सांगितलं नसावं. त्यांनी येऊन जाहीर केलं, "शमुवेलराव इतकी वर्षं प्रभुभोजनाला मुकलेत. मी घरी येऊन देईन."

बाई 'बरं' म्हणाल्या. पाव कापला, रस गाळला. रविवारी दुपारी मला हाक मारली, कारण शमुवेलरावांना उठवून बसवायला दोघं लागत आणि भरवायचं ते बाईंनीच. दुसऱ्याच्या हातून त्यांना ठसका लागे. मी पाठीमागून उशी लावून त्यांना धरून बसले होते. स्टुलावर पांढरं कापड. थोरातांनी प्रार्थना केली, ताटली बाईंच्या हातात दिली. बाईंनी तुकडा उचलला, भिंतीकडे बघत त्यांच्या ओठांशी नेला.

शमुवेलरावांनी दात घट्ट मिटले.

"घ्या," बाई म्हणाल्या. नाही. पुन्हा ओठाला लावला. त्यांनी मान फिरवली, आणि डाव्या हातातला चमचा टाकून त्यांनी बाईंचं मनगट धरलं. ते मनगट वळवलं, बाईंच्याच तोंडाकडे. घशातून काहीतरी घरघरलं. समजायला शब्द लागत नव्हते. आधी तू.

"मला नाही चालत," बाई म्हणाल्या. "तुम्ही घ्या. सोडा हात."

सोडेनात. थोरात बावरून गेले. "बाई, त्यांना वाटत असावं की तुम्ही त्यांना क्षमा केलेली नाही. तसं असेल तर आत्ता..."

"त्यांना?" बाई एकदम ओरडल्या. मी दचकले, माझ्या हातातला माणूसही दचकला. "त्यांचं काय घेऊन बसलात! हे सकाळी ओरडले, ते सगळ्या चाळीनं ऐकलं. दुपारी हे डेपोत होते. घरात नव्हतेच हे! पोर दुपारी परत आली होती. गाडी चुकली म्हणून स्टेशनवरून परत आली. दार वाजवलं. 'आई, मीच आहे गं, जरा पाठ टेकू दे,' म्हणाली. मी आतून दाराशी उभी होते. कडी ह्या हाताशी होती. पण हे मध्येच परत येतील, ही भीती. मी कडी काढली नाही. श्वास धरून उभी राहिले, घरात कुणी नाही असं तिला वाटावं म्हणून. ती गेली. मी पावलं ऐकली तिची." आवाज फुटला. "सगळं जग ह्यांना शिव्या घालतं आणि मी ऐकून घेते. ह्यांच्याकडे मी बघू कशी? हे फक्त मला माहीत आहे, ह्यांनाही माहीत नाही. आणि मी ते पवित्र तोंडात घालू?"

म्हणजे इतकी वर्षं ही बाई त्या दारामागे तशीच उभी होती आणि आम्ही खुशाल नवऱ्याला जेलर समजत होतो. शमुवेलरावांचं सगळं अंग माझ्या हातांत हलत होतं. मला वाटलं, आता हा माणूस तिचा हात झिडकारणार.

थोरातांनी घसा साफ केला. मोठं काही बोलायचं वय नव्हतं त्यांचं. ते इतकंच म्हणाले, "बाई, प्रभूचं हे मेज ज्यांनी कडी काढली त्यांच्यासाठी मांडलेलं नाही हो. त्यांना कशाला लागेल? हे तुमच्यासाठीच आहे."

बाई तशाच उभ्या. आणि मग शमुवेलरावांनी तिच्या बोटांतला तो तुकडा आपल्या डाव्या हातात घेतला. निम्मा चुरा झाला, चादरीवर सांडला. उरलेला त्यांनी वर नेला. हात जिकडे न्यायचा तिकडे जाईना. हनुवटीला लागला, गालाला लागला. शेवटी बाईच खाली वाकल्या. पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघत वाकल्या आणि तोंड उघडलं.

मग बाईंनी दुसरा तुकडा घेतला, तो नवऱ्याला भरवला. तो त्यानं मुकाट्यानं घेतला. रस दोघांनी एकाच पेल्यातून घेतला. मी तिथे परकी, पण मला कुणी जा म्हटलं नाही. मी रडून रडून माझा पदर भिजवून ठेवला.

पुढे एकदा मी बाईंना विचारलं, "शमुवेलरावांनी माफ केलं म्हणून हलकं वाटलं ना?" तर मास्तरीण पुन्हा जागी झाली. "तसं नव्हे गं. हे काय माफ करणार, ह्यांचं तरी कुठं फिटलं होतं? ते वरून, देवाकडूनच, आधी झालेलं होतं. मी इतरांना सांगत सुटले होते, येशूपाशी ओझं ठेवा. स्वतःचं मात्र धरून बसले. वाटायचं, मी सोडलं तर करुणासाठी कोण धरून ठेवणार? त्या दिवशी कळलं, ती माझ्याजवळ नाहीच, त्याच्याजवळ आहे. मग मी कशाला दाराशी उभी?" आणि म्हणाल्या, "दुःख आहे तसंच आहे हो. पण त्याच्या खाली आता जमीन लागली."

मला त्यातलं सगळं कळलं असं नाही. मी आपली मोरयाला हात जोडणारी बाई. आणि बाहेरून बघणाऱ्याला काही बदललेलं दिसलंही नसतं. त्याच दोन खोल्या, तीच खाट, तेच कूस बदलणं. बाईंना पुण्याला जायला कधी जमलं नाही, लोणावळ्याला बहीण होती तिच्याकडेही नाही. सुटका अशी त्यांची झालीच नाही.

आम्हाला कारखान्याच्या वसाहतीत खोली मिळाली आणि चाळ सोडायचा दिवस आला. भरदुपार. सामान बैलगाडीत चढलं, सासूबाई वर जाऊन बसल्या, मला म्हणाल्या, "मास्तरीणबाईंना सांगून ये जा." मी गेले. दार सताड उघडं होतं. स्टेशनात मालगाडी शंटिंग करत होती, त्या धडाधडीनं फळीवरची भांडी वाजत होती.

राहेलबाई खाटेच्या कडेला जमिनीवर बसून झोपल्या होत्या. डोकं गादीवर कलंडलेलं, तोंड जरा उघडं, चक्क घोरत होत्या. अंगावर ऊन आलं होतं तरी पत्ता नव्हता.

मी उंबऱ्यात पाऊल टाकलं, "बाई," म्हणणार, तेवढ्यात शमुवेलराव दिसले. ते टक्क जागे होते. त्यांनी डावा हात सावकाश उचलला, चुकतमाकत ओठांपर्यंत नेला आणि बोट उभं धरून डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं.

मी आल्या पावली मागे फिरले.